१९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ, तीन वर्षं चालवल्यानंतर

गाडी घेतली त्याला तीन वर्षं झाली आणि इथे मिशिगनमधल्या आपल्या मराठी मंडळींपैकी दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच की जुनी मसल कार (साठ-सत्तरच्या दशकातली मोठ्या इंजिनची अमेरिकन गाडी) घ्यायचीये, काय बघू, कशी घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आधीच सांगतो, माझ्या गाडीत जे इंजिन आहे ते तिचं मूळचं नाही. हे मला घ्यायच्या आधी माहीत होतं आणि तरीही घेतली, आणि आज परत घ्यायची वेळ आली तर हीच घेईन.

डेट्रॉईटच्या उत्तरेला कलेक्टर गाड्या विकणारे बरेच आहेत, त्यातल्याच एका शोरूममध्ये ही मिळाली, नाव लिहीत नाही. मोठा हॉल, एका बाजूला जुन्या शेव्हरले चेव्हेल, डॉज चार्जर, प्लिमथ कुडा आणि समोर नव्या चॅलेंजर, मस्टँग, कमॅरो. जाहिरातीत लिहिलं होतं १९६८ जीटीओ, ४०० व्ही-एट (आठ सिलिंडरचं इंजिन), फोर स्पीड म्हणजे चार गिअर, नंबर्स मॅचिंग, किंमत ५२ हजार डॉलर. लाल रंग, हर्स्ट कंपनीचा शिफ्टर म्हणजे गिअरचा दांडा, आणि पुढचा तो एन्ड्युरा बंपर, क्रोम नाही, बॉडीच्याच रंगाचा, जो त्या वर्षी पहिल्यांदा आला आणि लोकांना एवढा आवडला की मोटर ट्रेंड मासिकाने जीटीओला १९६८ ची कार ऑफ द इयर केलं. फोटोत तो बंपर नुसता गुळगुळीत दिसतो, समोर उभं राहिलं की कळतं की सगळं नाक एकाच ओळीत वळलंय.

नंबर्स मॅचिंग म्हणजे काय तर फॅक्टरीतून गाडी निघाली तेव्हा जे इंजिन होतं तेच अजून आहे, आणि ते इंजिनवरच्या शिक्क्यावरून सिद्ध करता येतं. ह्या एका शब्दावर किंमत हजारो डॉलरनी वर जाते. म्हणून पैसे द्यायच्या आधी मी बाहेरचा इन्स्पेक्टर बोलावला, ५०० डॉलर गेले, आणि ह्या तीन वर्षांत गाडीवर केलेला सगळ्यात चांगला खर्च तोच.

सत्तरीतले गृहस्थ होते, सोबत फक्त टॉर्च, छोटा आरसा, एक चिंधी आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. आधी चुंबक मागच्या क्वार्टर पॅनलवरून म्हणजे मागच्या चाकाभोवतीच्या पत्र्यावरून हळूहळू खाली आणलं, चाकाच्या मागे चार बोटं जागा अशी की चुंबक धरेचना, म्हणजे आत पत्रा कमी आणि बाँडो म्हणजे खड्डे भरायची पुट्टी जास्त. मग मागच्या काचेचे खालचे कोपरे बोटाने दाबून बघितले, तिथे पाणी साचतं आणि पत्रा आतून सडतो, ह्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं आहे. ट्रंकची जमीन नवीन घातलेली निघाली, वेल्डिंग चांगलं होतं. लिफ्टवर घेऊन फ्रेम बघितली, ती मस्त, कुठे सडलेली नाही. शोरूमवाल्यांनी लिफ्ट दिली, वेळ दिला, कुठे घाई केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच पाहिजे.

मग इंजिन. ब्लॉकच्या म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव भागाच्या पुढच्या तोंडावर पॅसेंजरच्या बाजूला तेलकट थर होता तो त्यांनी चिंधीने पुसला, टॉर्च तिरका धरला आणि मला म्हणाले वाच. १९६८ पासून तिथे गाडीच्या व्हीआयएनचा म्हणजे ओळख क्रमांकाचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. काचेतून दिसणाऱ्या डॅशवरच्या पट्टीवर नंबर होता २४२३७८पी आणि पुढे आकडे, म्हणजे २४२ जीटीओ, ३७ हार्डटॉप, ८ म्हणजे १९६८, पी म्हणजे मिशिगनमधल्याच पॉन्टिॲक गावचा कारखाना. ब्लॉकवरचे आकडे वेगळेच. मग आरसा इंजिनच्या मागे डिस्ट्रिब्युटरपाशी नेला, तिथे ओतकामाची तारीख असते, महिन्याला ए पासून एल पर्यंत एक अक्षर, आणि तिथे होतं के, म्हणजे नोव्हेंबर, वर्ष ८. गाडी १९६८ च्या फेब्रुवारीत बनलेली आणि इंजिनचा ब्लॉक त्याच वर्षी नोव्हेंबरात ओतलेला. गाडी रस्त्यावर धावत होती तेव्हा हे इंजिन जन्मालाच आलं नव्हतं. आता ह्यावर वाद काय घालणार.

सेल्समनला दाखवलं तर म्हणे आधीच्या मालकाने तसं सांगितलं होतं. मला ह्याचा राग आला आणि अजून आहे, कारण जो नंबर चिंधीने पुसून दोन मिनिटांत वाचता येतो तो न वाचता जाहिरातीत छापणं बरोबर नाही, समोरचा माणूस आयुष्यभराची बचत घेऊन आलेला असू शकतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तुला ती विकायचीये की चालवायचीये? पत्रिका जुळत नाही म्हणून रडतोयस, पण संसार तर गाडीशी करायचाय ना?" रात्रभर विचार केला आणि सकाळी फोन करून ४१ हजार सांगितले. दोन दिवसांनी हो म्हणाले.

मधल्या काळात पीएचएसकडून म्हणजे पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कागद मागवले होते. व्हीआयएन दिला की ते फॅक्टरीच्या बिलाची प्रत देतात. त्यावरून कळलं की फोर स्पीड मूळचाच, पण रंग लाल नव्हता, व्हर्डोरो ग्रीन होता. दाराची पट्टी काढल्यावर आत तो गडद हिरवा अजून आहे, नखाएवढा. बाकी कंपन्यांचं पण सांगून ठेवतो, फोर्ड १९६७ किंवा त्यानंतरची असेल तर मार्टी रिपोर्ट म्हणजे तसाच फॅक्टरीच्या नोंदींचा कागद मागवा, प्लिमथ डॉजमध्ये फेंडर टॅग म्हणजे बॉनेटखालची फॅक्टरीची पट्टी बघा आणि व्हीआयएनमधलं पाचवं अक्षर बघा, १९७० च्या कुडामध्ये तिथे आर असेल तरच तिच्यात ४२६ हेमी हे मोठं इंजिन. शेव्हरलेचं सगळ्यात अवघड, त्या काळातल्या चेव्हेलच्या व्हीआयएनवरून व्ही-एट आहे एवढंच कळतं, कोणतं ते नाही, म्हणून बिल्ड शीट (कारखान्यातला गाडीच्या तपशिलाचा कागद) नसलेल्या एसएस ४५४ ला, म्हणजे ४५४ इंजिनच्या महागड्या चेव्हेलला, एसएसचे पैसे देताना दहा वेळा विचार करा.

आता चालवण्याबद्दल. ४०० क्युबिक इंच म्हणजे साडेसहा लिटरचं इंजिन, कागदावर ३५० हॉर्सपॉवर, पण तो आकडा जुन्या ग्रॉस पद्धतीचा, पंखा सायलेन्सर वगैरे न लावता मोजलेला, १९७२ पासून नेट आकडे आले आणि सगळ्यांचे आकडे एकदम पडले, त्यामुळे आजच्या गाडीशी तुलना करू नका. खरी मजा टॉर्कमध्ये आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीस मैलांनी आरामात चाललोय आणि नुसता पाय टेकवला तर गाडी मागचे स्प्रिंग दाबून नाक उचलते, आणि कार्ब्युरेटरचे मागचे दोन बॅरल म्हणजे हवेची तोंडं उघडली की हवा ओढल्याचा आवाज बॉनेटखालून थेट छातीत येतो. हर्स्टचा दांडा खट्कन बसतो, बसला की नाही असा प्रश्नच पडत नाही. क्लच जड आहे, ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासाने पोटरी बोलायला लागते.

ब्रेक मात्र भीतीदायक. चारही चाकांना ड्रम, पॉवर असिस्ट नाही. पहिल्याच महिन्यात इथल्या वुडवर्ड रस्त्यावर एकामागोमाग चार सिग्नलला जोरात थांबावं लागलं आणि चौथ्या वेळी पेडल दाबूनही गाडी पुढच्या पिकअपच्या बंपरपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. ड्रम तापले की पकड सोडतात, त्या काळचं तंत्रच तसं होतं. पुढच्याच आठवड्यात पुढे डिस्कचं किट बसवलं, काही कापायला लागत नाही, जुने ड्रम डब्यात जपून ठेवलेत. डिस्क ब्रेकशिवाय घरच्यांना बसवून नेऊ नका, ह्यात काटकसर नको.

आणि इथेच ते परकं इंजिन उपयोगाला आलं. मूळ इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.७५ आणि त्याला शिसं घातलेलं जुनं हाय ऑक्टेन पेट्रोल लागायचं, आजच्या ९३ ऑक्टेनवर ते नॉकिंग करतं म्हणजे आतून ठोकल्यासारखं वाजतं आणि मग ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन ताकद घालवावी लागते. माझं कोणीतरी रीबिल्ड करताना कॉम्प्रेशन उतरवून आणि हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून ठेवलंय, त्यामुळे कुठल्याही पंपावर ९३ भरायचं आणि निघायचं. फक्त इथेनॉलमुळे जुने रबरी फ्युएल होज खराब होतात ते सगळे बदलून घेतले, आणि जुन्या कॅमसाठी झिंकवालं ऑईलच घालतो. मूळ इंजिन असतं तर मी ते उघडायची हिंमत केली नसती, आणि खरं सांगायचं तर गाडी पण एवढी चालवली नसती.

पार्ट्सची काळजी नको. १९६८ मध्ये जीटीओ ८७ हजारांच्या वर विकल्या गेल्या, क्लिपपासून क्वार्टर पॅनलपर्यंत सगळं नवीन बनवलेलं मिळतं. इन्शुरन्स ॲग्रीड व्हॅल्यूचा घ्या, म्हणजे गाडी गेली तर आधी ठरलेली रक्कम मिळते, साधी पॉलिसी पन्नास वर्षांची जुनी गाडी म्हणून मोजेल. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल गाडी गॅरेजमध्येच, टाकी भरून, बॅटरीला चार्जर लावून.

नवीन घ्यावी का असं पण विचारतात. त्याच शोरूममध्ये चॅलेंजर हेलकॅट चालवून बघितली होती, सुपरचार्ज्ड ६.२ लिटर, ७१७ हॉर्सपॉवर, आणि हे नेट आकडे. वेगाची तुलनाच नाही, जीटीओ तिच्या आसपासही येणार नाही, वर एसी, सीट गरम, ब्रेक असे की जीव भांड्यात पडतो. रोज चालवायची असेल तर बेलाशक नवीन घ्या, मॅन्युअल मिळाली तर मस्टँग जीटी घ्या, ती वळणावर जास्त हलकी वाटते. पण २०२३ च्या शेवटी चॅलेंजर आणि कमॅरो दोन्ही बंद झाल्या तेव्हापासून लोक शेवटच्या गाड्या सीटवरचं प्लास्टिक न काढता ठेवून देतायत, १,०२५ हॉर्सपॉवरची चॅलेंजर डीमन १७० घेऊन ती झाकून ठेवायची, हे मला बघवत नाही. १९७० ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल बनलीच १४, ती जपली तर समजू शकतो. कारखान्यातून हजारोंनी निघालेली गाडी रस्त्यावर दिसली पाहिजे.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने माझी गाडी घेऊ नये, त्याने मूळ इंजिन, मूळ रंग, सगळे कागद असलेलीच शोधावी आणि त्याचे पूर्ण पैसे द्यावेत. माझ्यासारख्याने बरोबर उलटं करावं, फ्रेम आणि पत्रा चांगला बघावा, इंजिन बदललेलं असेल तर ते उघड सांगून किंमत उतरवून घ्यावी.

गाडीचा व्हीआयएन मी एका कागदावर लिहून पाकिटात ठेवलाय. स्वॅप मीटला म्हणजे जुन्या पार्ट्सच्या बाजाराला गेलो की जुन्या पॉन्टिॲक ब्लॉकचा ढीग दिसला की वाकून शिक्का पुसून बघतो, एवढ्या वर्षांनी तिचं मूळ इंजिन कुठेतरी पडलेलं असेलही. सापडलं तर विकत घेऊन गॅरेजच्या कोपऱ्यात स्टँडवर लावून ठेवीन. गाडीत मात्र आहे तेच राहील.