ओट्याला ग्रॅनाइट की संगमरवर?

दादरच्या मावसबहिणीचं स्वयंपाकघर नव्याने होतंय आणि गाडी ओट्यावर अडलीय. ताई, दुकानदाराचं राहू दे, दगड कसा घडला ते बघ.

ग्रॅनाइट म्हणजे जमिनीखाली खोलवर, फार सावकाश थंड झालेला शिलारस. म्हणून त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात. (आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो वर येऊन लवकर थंड झाला, म्हणून कण बारीक.) संगमरवर मुळात चुनखडक. जमिनीतल्या उष्णतेने आणि दाबाने त्यातलं कॅल्साइट (चुनखडकाचं मुख्य खनिज) नव्याने स्फटिक होऊन बसलं.

ओरखड्यांचं म्हणशील तर १ ते १० च्या मोह्स मापात कॅल्साइटचा कठीणपणा ३, ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झचा ७. सुरीने संगमरवरावर रेघ उठते; ग्रॅनाइटवर सुरीचीच धार जाते.

खरा फरक आंबटाचा. संगमरवरावर लिंबाचा थेंब पडला की कॅल्साइट विरघळायला लागतं. पुसल्यावर तिथे मंद, खरखरीत गोल उरतो, साबणाने न जाणारा. कोकम, चिंच, टोमॅटो रोजचेच. ग्रॅनाइटला यांचं फारसं काही होत नाही. तेलाचा डाग मात्र तोही पितो, म्हणून अधूनमधून सीलर (डाग मुरू न देणारा लेप) लावावा.

बाजारातला ‘काळा ग्रॅनाइट’ बहुतेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे शिलारसापासूनच झालेला पण वेगळा काळा दगड असतो. तरी ओट्याला चांगलाच.

रोज फोडण्या, माशाला लिंबू, घाईची सकाळ असेल तर ग्रॅनाइटच घे. संगमरवर देवघराला लाव, किंवा पोळ्या लाटायला एक तुकडा ठेव.