मागची गर्दी: मंद करावी, पुसावी की ब्लर?

मंगल कार्यालयातल्या फोटोत नवरा-नवरी सुरेख येतात, पण मागे लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टँडचा पंखा आणि जळती ट्यूबलाइटही येते. उपाय निवडताना नको असलेली वस्तू किती मोठी आहे यापेक्षा ती माणसाच्या कडेला कुठे भिडते, हे आधी बघावं.

सुरुवात मागचा भाग मंद करण्यापासून करा. लाइटरूम या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये मास्किंगमधून (फोटोचा ठरावीक भागच निवडायची सोय) सिलेक्ट बॅकग्राउंड घ्या. एक्स्पोजर (एकूण उजेड) −०.५ ते −१, हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) −४० आणि सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) −३० च्या आसपास ठेवा. नजर उजेडाकडे आणि भडक रंगाकडे ओढली जाते, म्हणून एवढ्यानेच खुर्च्या मागे सरतात. मास्क थोडा चुकला तरी खपून जातं, हा मोठा फायदा. अक्षता पडतानाच्या फोटोला तर हाच उपाय: हवेतले तांदूळ कुठलंही सिलेक्शन धड पकडत नाही, ब्लरमध्ये ते विरघळतात, मंद केल्यावर टिकतात. मात्र एक्स्पोजरमध्ये −१.५ च्या पुढे गेलात की माणसं कापून चिकटवल्यासारखी दिसू लागतात. पांढरीफक्क ट्यूबलाइट मंद केली तर नुसता राखाडी पट्टा उरतो. ती पुसावीच लागते.

पुसणं एक-दोन सुट्या वस्तूंसाठी उत्तम. फोटोशॉपमध्ये नव्या रिकाम्या लेअरवर (फोटोवरचा पारदर्शक थर) काम करा आणि सँपल, म्हणजे नमुना कुठून घ्यायचा ते, ‘करंट अँड बिलो’ ठेवा, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. मोकळ्या भिंतीवर हीलिंग ब्रश (आजूबाजूच्या रंगात मिसळून डाग झाकणारा) पुरतो. पण डोक्यातून उगवल्यासारखा खांब पुसायचा असेल, तर हीलिंग आजूबाजूचे रंग मिसळतं आणि केसांचा काळेपणा भिंतीवर पसरतो. तिथे माणसाचं सिलेक्शन उलटं करून, म्हणजे माणूस सोडून बाकीचा भाग निवडून, ६०% हार्डनेसच्या (ब्रशच्या कडेचा ठळकपणा) क्लोन स्टॅम्पने (एका जागेची हुबेहूब नक्कल दुसरीकडे उमटवणारा) कडेपर्यंत या. फरशीच्या रेषा आधी क्लोनने जोडाव्यात, हीलिंग नंतर. मोबाइलवर स्नॅपसीडचं हीलिंग लहान डागांना चांगलं. पंख्याएवढी वस्तू पुसली की तोच नमुना पुन्हा पुन्हा उमटतो.

ब्लर बहुतेकांना आधी सुचतो, पण पटेल असा करणं सर्वांत कठीण. मुंडावळ्यांचे मोती आणि सुटे केस मास्कमधून निसटतात. ते १००% झूमवर हाताने रंगवावे लागतात. माणसांभोवती वलय दिसतं, कारण ब्लर होताना शालूचा रंगही मागच्या लेअरमध्ये झिरपतो. म्हणून ब्लरआधी मागच्या लेअरवरून माणसंच काढा: सिलेक्शन १०–२० पिक्सेल वाढवून कंटेंट-अवेअर फिल (निवडलेली जागा आजूबाजूच्या दृश्याने आपोआप भरणं) करा. पूर्ण उंचीच्या फोटोत पायांजवळची फरशी स्पष्ट ठेवून मागे हळूहळू धूसर करा, नाहीतर जोडपं तरंगताना दिसेल. ब्लरने मागचा ग्रेन (फोटोतला बारीक दाणेदारपणा) पुसला जातो, म्हणून शेवटी १–३% नॉइज, म्हणजे तसेच दाणे, परत द्या. भिंत पाठीला टेकलेली असेल तर ब्लर करूच नये. तेवढ्या अंतरात लेन्सने इतका धूसरपणा दिलाच नसता.

दोन उपाय एकत्र लागले तर आधी पुसा, मग ब्लर करा आणि एक्स्पोजर शेवटी उतरवा. ब्लर आधी केला तर पंख्याचा मोठा डाग पसरतो आणि तो स्वच्छ पुसणं अवघड होतं.

अख्खी पार्श्वभूमी बदलणं लग्नाच्या फोटोला क्वचितच शोभतं: हॉलमधला पिवळा उजेड चेहऱ्यावर आणि मागे बागेतलं ऊन, हे लगेच कळतं.