पाच नंबरचा लोखंडी रंधा: उन्हाळा, पावसाळा आणि थंडीतील वापरानंतर

भारतीय बनावटीचा पाच नंबरचा लोखंडी रंधा मी उन्हाळ्याच्या तोंडावर घेतला आणि आता थंडी पडल्यावर त्याविषयी लिहीत आहे. मध्ये इतके महिने जाऊ दिले, कारण लोखंडी हत्याराने नाशिकचा एक पावसाळा काढल्याशिवाय त्याच्याविषयी खात्रीने काही सांगता येत नाही. किंमत तीन हजारांच्या आत होती. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा याच किमतीच्या इतर रंध्यांतही कमीअधिक प्रमाणात दिसल्या.

माझी कार्यशाळा म्हणजे गंगापूर रोडवरील सदनिकेची बंदिस्त बाल्कनी आहे. विजेवर चालणारा रंधा वेगवान असतो हे मान्य, पण त्याचा आवाज आणि घरभर उडणारा बारीक भुसा दुपारच्या वेळी शेजाऱ्यांना आणि घरच्यांनाही सोसवत नाही. हातरंध्याचे छिलके जिथल्या तिथे पडतात आणि झाडूने गोळा होतात. चौरंग, पुस्तकांची मांडणी, भिंतीवरचा छोटा देव्हारा अशा कामांना तो पुरतो. फक्त प्लायवूडच्या कडेवर तो चालवू नये, कारण त्यातील गोंदाच्या थरांनी पात्याची धार फार लवकर जाते.

या रंध्याची रचना अमेरिकेतील लिओनार्ड बेली याची असून, त्याचे हक्क स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतले. त्यानंतर जगभर त्याच्या नकला निघाल्या आणि क्रमांकांची पद्धतही तीच राहिली. पाच नंबर म्हणजे सुमारे १४ इंच लांबीचा, २ इंच रुंद पात्याचा मधला रंधा, ज्याला जॅक म्हणतात. पाते ४५ अंशांत बसते, मागच्या पितळी चाकाने ते खालीवर होते आणि वरच्या दांडीने डावीउजवीकडे सरकते. एकच रंधा घ्यायचा असेल तर हाच घ्यावा, असे माझे मत आहे. चार नंबरचा छोटा रंधा लांब फळीवर खड्ड्यांतून वरखाली जातो आणि सात नंबरचा बाल्कनीत फिरवायला लांब पडतो.

मात्र खोक्यातून निघालेला रंधा हे अर्धे तयार हत्यार आहे, हे समजूनच पैसे मोजावेत. माझ्या रंध्याचा तळ तोंडाजवळ, म्हणजे पाते बाहेर येते त्या फटीजवळ, आत दबलेला होता, आणि नेमक्या त्याच जागी तो सपाट असावा लागतो, कारण पात्याच्या पुढची फळी दाबून धरण्याचे काम तोच भाग करतो. जाड काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, तळावर मार्करने रेघा ओढून, त्या सगळीकडून पुसल्या जाईपर्यंत घासावे लागले. नंतर १२० आणि २२० नंबर. हे करताना पाते आत ओढून घ्यावे, पण पाते दाबून धरणारी वरची पकड मात्र नेहमीच्या ताणाने घट्ट ठेवावी, कारण त्या ताणाने तळाचा आकार किंचित बदलतो. संपूर्ण तळ आरशासारखा करण्याचा हट्ट धरू नये. पुढचे टोक, तोंडाभोवतीचा भाग आणि मागचे टोक एका पातळीत आले की काम होते. ज्यांना एवढी मेहनत नको असेल त्यांनी सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सरफेस ग्राइंडिंग करणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्यात चौकशी करावी. एका मित्राने तसे करून घेतले आणि त्याचा तळ माझ्यापेक्षा चांगला झाला आहे.

दुसरे काम पात्यावरच्या टोपीचे, म्हणजे छिलका मोडणाऱ्या पट्टीचे. तिची कड पात्याच्या पाठीला पूर्ण टेकली नाही, तर त्या फटीत छिलके अडकतात आणि तोंड सारखे तुंबते. नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे असते, असे मला वाटते. ती कड दगडावर सरळ करून घेतली आणि पात्याच्या धारेपासून सुमारे अर्धा मिलिमीटर मागे बसवली, की उलट्या रेषेच्या फळीवरही लाकूड उपटले जाणे बरेच कमी होते. जाड छिलके काढायचे असतील तेव्हा तीच पट्टी दीड-दोन मिलिमीटर मागे घ्यावी.

पात्याचे पोलाद साधे, पण प्रामाणिक आहे. २५ अंशांत घासून टोकाला ३० अंशांची बारीक धार दिली की ते सहज दाढीच्या ब्लेडसारखे होते. प्रश्न ती धार किती वेळ टिकते हा आहे. सागवानात सिलिका असते आणि ती धार खाते. त्यामुळे सागाची रुंद फळी साफ करताना दगड शेजारीच ठेवावा लागतो, तर आंब्याच्या किंवा पाइनच्या फळीवर तेच पाते कितीतरी जास्त वेळ चालते. बेंच ग्राइंडरवर घाई केल्यास कड निळी पडते आणि तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरते, म्हणून मी जाड काम खरबरीत कार्बोरंडम दगडावर हातानेच करतो, पुढे हजार नंबरचा दगड आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर हिरवी पेस्ट. याला वेळ लागतो, पण दर वेळी चामड्यावर चार हात मारून घेतले की दगडाची पाळी उशिरा येते.

माझे बहुतेक लाकूड जुने आहे. जुन्या नाशकात आणि पंचवटीत वाडे उतरवले जातात तेव्हा कडीपाटाच्या फळ्या आणि तुळयांचे तुकडे विकायला येतात, आणि तो साग वखारीत मिळणाऱ्या नव्या सागापेक्षा घट्ट रेषांचा व पूर्ण वाळलेला असतो. त्यात तुटलेले खिळे मात्र हमखास असतात. चुंबक फिरवल्याशिवाय आणि वरचा मातीचुन्याचा थर तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय अशा फळीवर रंधा ठेवू नये. पहिल्या हातांसाठी मी एक वेगळे पाते ठेवले आहे, ज्याची धार मध्ये किंचित गोल आहे. ते आडवे, रेषांना छेद देत चालवले की काळपट थर भराभर निघतो, आणि मग सरळ धारेचे पाते लावून फळी सपाट करायची. या एका बदलामुळे एकच रंधा दोन रंध्यांचे काम करतो आणि म्हणूनच मला तो महाग वाटत नाही.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. जून ते सप्टेंबर बाल्कनीतील हवा इतकी दमट असते, की घामाच्या हाताने धरलेल्या बाजूंवर एका रात्रीत गंजाचे ठसे उमटतात. वापर झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवणे आणि रंधा कापडात गुंडाळून बंद डब्यात ठेवणे पुरेसे ठरले. जवसाचे तेल तळावर लावू नये, कारण ते वाळून चिकट होते. खोबरेल थंडीत थिजते आणि आपल्याकडच्या डिसेंबरात त्याचा लपका तळाला चिकटून बसतो. काम सुरू करताना तळावर साध्या मेणबत्तीच्या दोन रेघा ओढल्या तर सव्वादोन किलोचे हे धूड आश्चर्य वाटावे इतके हलके सरकते.

दमटपणाचा परिणाम लाकडावरही होतो आणि रंध्याचे मूल्यमापन करताना तो ध्यानात घ्यावा. आडव्या चिरलेल्या, म्हणजे वलयांना समांतर कापलेल्या, सागाची एक फूट रुंद फळी, तिच्यातील ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर अडीच ते तीन मिलिमीटर फुगते. मे महिन्यात अचूक बसवलेला खण ऑगस्टमध्ये अडकला, तर त्यात रंध्याचा दोष नाही. रंध्याच्या मागच्या लाकडी मुठीचेही तसेच आहे: पावसाळ्यात ती घट्ट होती, थंडीच्या कोरड्या हवेत आकसून डुगडुगू लागली आणि आतला स्क्रू पूर्ण फिरवूनही आवळली जात नव्हती. स्क्रूखाली एक पातळ वॉशर घातल्यावर ती बसली.

आपल्या सुतारांच्या लाकडी रंध्याशी तुलना होणारच, आणि ती सर्वस्वी लोखंडी रंध्याच्या बाजूने जात नाही. लाकडी रंधा हलका असतो, गंजत नाही, त्याचा तळ दुसऱ्या रंध्याने सपाट करता येतो आणि दिवसभर चालवला तरी खांदा भरून येत नाही. पण पाचरीवर हातोडीने टिचक्या मारून पाते नेमके बसवण्याची जी नजर आणि सवय लागते, ती रविवारी दोन तास काम करणाऱ्याला सहज येत नाही. लोखंडी रंध्यात चाक थोडे फिरवले की छिलका पातळ होतो, हा मोठाच आधार आहे. चाकाला जवळपास अर्ध्या फेऱ्याची मोकळीक आहे, त्यामुळे पाते बसवताना आधी मागे घेऊन मग पुढे आणतच थांबावे, नाहीतर काम करताना ते आपोआप आत सरते.

दोन तक्रारी अजून शिल्लक आहेत. डावीउजवीकडे सरकवणारी दांडी पातळ पत्र्याची असून ढिली आहे, आणि वरच्या पकडीची ओतीव पट्टी खडबडीत असल्याने ती जरा जास्त आवळली की चाक फिरत नाही. ती पट्टी कानशीने घासल्यावर फरक पडला, दांडीवर मात्र उपाय सापडलेला नाही. ज्यांना पहिला शनिवार-रविवार घासण्यात घालवायचा नाही, त्यांनी दुप्पट-तिप्पट किमतीचा तयार रंधा किंवा एखाद्या जुन्या सुताराकडचा वापरलेला रंधा पाहावा. पुढे जाड पाते बसवायचा माझा विचार आहे, कारण जाड पाते कमी थरथरते. त्यासाठी पात्याखालची बैठक मागे सरकवावी लागेल आणि तेवढ्याने भागले नाही तर तोंडाची पुढची कड कानशीने थोडी रुंद करावी लागेल.