अबव्ह-ग्राउंड पूलसाठी सक्शन क्लीनर: दोन उन्हाळे वापरल्यानंतर

मध्य न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरी परसात अबव्ह-ग्राउंड (जमिनीवर उभे केलेले) पूल आहेत. मेमोरियल डे (मेअखेरची सुट्टी) जवळ आला की विचारणा सुरू होते: तो तळावर आपोआप फिरून गाळ ओढणारा सक्शन क्लीनर घ्यावा का? आमच्याकडे तो दोन उन्हाळे चालतोय आणि माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे. पण खरेदीच्या आधी आपला पंप, फिल्टर आणि स्किमर (पूलच्या भिंतीतलं पाणी ओढणारं तोंड) नीट बघून घ्या. या यंत्राला स्वतःची मोटर नाही. ते जे काही करतं ते तुमच्या पंपाच्या जोरावर. ‘चालतच नाही’ म्हणून ज्यांनी तो गॅरेजमध्ये टाकून दिलाय, त्यांच्याकडे जाऊन बघितलं तर बहुतेक वेळा ओढ कमी पडलेली असते, क्लीनर ठणठणीत असतो.

आमचा पूल गोल आहे, व्यास २४ फूट, भिंत ५२ इंच. पाणी साधारण चार फूट भरतो, म्हणजे साडेतेरा हजार गॅलनच्या आसपास, लिटरमध्ये ५१ हजार. तळ सपाट, वर व्हिनाइलचं अस्तर, म्हणजे लायनर. पंप दीड हॉर्सपॉवरचा, दोन स्पीडचा, आणि पुढे सँड फिल्टर. स्किमर एकच, तळाला ड्रेन नाही. अबव्ह-ग्राउंड पूलची रचना बहुधा अशीच असते, आणि सक्शन क्लीनरचे सगळे फायदे-तोटे त्या एका स्किमरशी येऊन अडतात.

यंत्र दिसायला अगदी साधं आहे. खाली रबराची गोल, पातळ चकती, मधे हेड, आणि हेडपासून स्किमरपर्यंत जोडत नेलेले होसचे तुकडे, प्रत्येक साधारण मीटरभर लांब. स्किमरमधल्या कचरा अडवणाऱ्या बास्केटवर एक प्लेट बसते, होसचं दुसरं टोक त्या प्लेटमध्ये. पंप चालू केला की पाणी तळावरून खेचलं जातं. हेडच्या आत डायफ्राम असतो. तो काढून हातात घेतला तर एक आखूड रबरी नळी दिसते, एका टोकाला ओठ मिटल्यासारखी चपटी. पाणी त्यातून जाताना ते टोक उघडतं, मिटतं, परत उघडतं. दर वेळी प्रवाहाला झटका बसतो आणि त्या झटक्याने हेड तळावर थोडं पुढे सरकतं. गिअर नाही, चाक नाही, वायर नाही. पंपाच्या ओढीवर स्वतः फिरणारा असा क्लीनर पहिल्यांदा दक्षिण आफ्रिकेत निघाला. फर्डिनांड शोव्हिए या हायड्रॉलिक्सच्या इंजिनिअरने तो १९७४ मध्ये तयार केला. इतक्या वर्षांनीही मूळ कल्पना तीच टिकून आहे याचं मला खरंच कौतुक वाटतं.

या झटक्यांचा टिकटिक आवाज होसमधून बाहेर डेकवर ऐकू येतो, आणि पूलची तब्येत मी त्यावरूनच ओळखते. एका लयीत, भरभर टिकटिक म्हणजे सगळं ठीक. आवाज मंदावला म्हणजे बास्केट भरलीय किंवा फिल्टर चोंदलाय. आवाज थांबला आणि रिटर्नमधून (गाळलेलं पाणी पूलमध्ये परत येतं ते तोंड) बुडबुडे येतायत, तर कुठूनतरी हवा शिरतेय. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. आठवडाभरात त्याही स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारायला लागल्या, “अगं, तुझं ते यंत्र गप्प झालंय, बघ.”

हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यावर हवी. जुलैच्या उन्हात ती उतरते आणि स्किमर हवा ओढायला लागतो. दुसरी जागा होसचे सांधे. तिसरी पंपाच्या झाकणाखालची ओ-रिंग. तिला सिलिकॉनचं ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली नको, रबर फुगतं. एक गोष्ट अबव्ह-ग्राउंडवाल्यांनी विसरायची नाही: आपला पंप जमिनीवर असतो आणि पाणी त्याच्यापेक्षा वर. पंप बंद करून, व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय झाकण उघडलं तर पूलचं पाणी थेट अंगणात येतं.

क्लीनर सोडताना होसमध्ये हवा राहू द्यायची नाही. हेड पाण्यात बुडवायचं, मग होसचं मोकळं टोक रिटर्नच्या धारेसमोर धरायचं. पाणी होसमधून जाऊन हेडकडून बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत धरून ठेवायचं आणि टोक पाण्याबाहेर न काढता प्लेटमध्ये बसवायचं. वाचायला लांबलचक वाटतं, करायला दोन-तीन मिनिटं लागतात.

होसची लांबी ठरवताना स्किमरपासून पूलची सगळ्यात लांबची कड मोजा आणि त्यावर एकच तुकडा जास्त ठेवा. सोबत आलेले सगळे तुकडे जोडलेच पाहिजेत असं नाही. जास्त होस झाला तर तो स्वतःभोवती वळतो आणि हेड एकाच पट्ट्यात घिरट्या घालत बसतं. होस गुंडाळून ठेवायचा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. गुंडाळलेल्या होसला बाक येतो आणि मग हेड त्या बाकाच्या दिशेनेच फिरतं. बाक आलाच तर तुकडे सुटे करून उन्हात सरळ अंथरायचे, मऊ पडले की सरळ होतात. हेडकडच्या पहिल्या तुकड्यावर सरकवायचं वजन येतं. हेड एका बाजूने उचललं जात असेल तर ते मागेपुढे सरकवून बघा. चकती पूर्ण तळाला टेकली तरच ओढ धरते.

रिटर्नच्या धारेचंही बघावं लागतं. गोल पूलमध्ये ती धार सगळं पाणी गोल फिरवते आणि बारीक गाळ मधोमध जमतो. पण तीच धार होसलाही ढकलते आणि क्लीनर अर्ध्याच पूलमध्ये अडकून राहतो. आम्ही रिटर्नच्या तोंडातला फिरणारा गोळा खाली वळवला, सोबत आलेला प्लास्टिकचा आडोसा लावला, आणि मग तो सगळीकडे जायला लागला. आतली शिडी मात्र काढूनच ठेवावी लागते. पायऱ्यांमध्ये होस अडकला की सुटत नाही. शिडी काढणं तसंही चांगलंच, लहान मुलं असलेल्या घरात तर पूल वापरात नसताना ती वर हवीच.

आता कामाबद्दल. सपाट तळावर धूळ, वाळू, पायांबरोबर आलेलं गवत, बुडालेले किडे हे सगळं तो उत्तम उचलतो. दुपारी सोडला की संध्याकाळपर्यंत लायनरची निळी नक्षी स्वच्छ दिसते. ते बघून मला दर वेळी तितकाच आनंद होतो. आधी हाताने व्हॅक्यूम करताना निम्मा गाळ ढवळून पाण्यात मिसळायचा आणि दुसऱ्या दिवशी परत खाली बसायचा. क्लीनर सावकाश जातो, त्यामुळे गाळ उडत नाही.

तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे लायनरखाली वाळूचा उतार असतो. तिथे चकती नीट टेकत नाही. भिंतीच्या पायथ्याशी चार बोटं रुंदीची करडी रेघ राहते, ती ब्रशने मधे ढकलावी लागते. मग पुढच्या फेऱ्यात क्लीनर ती उचलतो. भिंतीवर तो थोडा चढतो आणि खाली येतो. भिंतींसाठी ब्रशच लागणार, हे आधीच मनाशी ठरवून ठेवा. लायनरला सुरकुत्या असतील तर तो त्यांच्यावर अडकतो. यंत्र घेण्याआधी सुरकुत्या काढता आल्या तर काढा.

सगळ्यात मोठी अडचण स्किमरची. होस जोडला की स्किमर पृष्ठभागावरचं काही ओढत नाही, त्याची सगळी ओढ तळाकडे जाते. आमच्याकडे मेमध्ये ओकचे तुरे आणि मेपलच्या भिरभिरणाऱ्या बिया पडतात, वर परागकणांचा पिवळा थर. क्लीनर जोडलेला असला की हे सगळं वर तरंगत राहतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्पॉटेड लँटर्नफ्लाय येतात. हा किडा न्यू जर्सीत २०१८ पासून आहे आणि हल्ली पूलमध्ये धपाधप पडतो. बुडाले तर क्लीनर गिळतो, तरंगले तर जाळीने काढायचे. म्हणून आम्ही तो दिवसभर लावून ठेवत नाही. दुपारी काही तास क्लीनर, मग होस काढून स्किमर मोकळा. जाळीचा एक हात आधी मारला तर क्लीनरचं कामही कमी होतं. ज्यांच्या पूलवर थेट मोठं झाड आहे त्यांनी होसच्या मधे बसणारा पानांचा डबा घ्यावा, नाहीतर बास्केट तासाभरात भरते. पारदर्शक डबा घ्या, लांबून कळतं. आणि ऑक्टोबरच्या पानगळीत हे यंत्र वापरू नका, ते त्या कामाचं नाही.

आणखी एक हिशोब विजेचा. पंप कमी स्पीडवर चालवला तर खर्च खूप उतरतो. वेग निम्मा केला की लागणारी शक्ती तत्त्वतः आठव्या हिश्श्यावर येते. पण कमी स्पीडवर आमचा क्लीनर जागचा हलत नाही. त्यामुळे क्लीनरचे तास हे जास्त स्पीडचेच तास. रोज लावायची गरज नसते. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा पुरतं, पाहुण्यांची मुलं पोहून गेली की एखादा जादा फेरा.

सगळा गाळ शेवटी फिल्टरमध्येच जातो, म्हणून बॅकवॉश (पाणी उलटं फिरवून फिल्टर धुणं) वाढतो. फिल्टर स्वच्छ असताना आमच्या गेजवर (दाब दाखवणाऱ्या काट्यावर) १० पीएसआय दिसतात. १८ च्या वर काटा गेला की बॅकवॉश करते. क्लीनर मंदावल्यावर सगळ्यात आधी मी हेडकडे जात नाही, गेजकडे जाते. हिरव्या पाण्याला शॉक (क्लोरीनचा मोठा डोस) दिल्यावर जे मेलेलं शेवाळ खाली बसतं, ते सँड फिल्टरमधून परत पूलमध्ये येतं, इतकं ते बारीक असतं. पातळ थर असेल तर व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर करून क्लीनर चालवते, म्हणजे ते पाणी फिल्टरला वगळून बाहेर जातं. पातळी झपाट्याने उतरते, त्यामुळे बागेचा पाईप पूलमध्ये चालू ठेवायचा आणि तिथून हलायचं नाही. थर जाड असेल तर हाताचं व्हॅक्यूमच बरं. रोबोट क्लीनर स्वतःच्या मोटरवर चालतो, स्किमर मोकळा ठेवतो, हे त्याचे मोठे फायदे आहेत. पण शेवाळ थेट बाहेर काढून टाकणं त्याला जमत नाही. किमतीचा फरकही आहेच: अबव्ह-ग्राउंडचा सक्शन क्लीनर साधारण १०० ते ३०० डॉलरच्या घरात, चांगला रोबोट त्याच्या कितीतरी वर.

शॉक देण्याआधी क्लीनर बाहेर काढा, क्लोरीनने रबर लवकर कडक होतं. क्लोरीनच्या गोळ्या स्किमरमध्ये ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. आम्ही तरंगता डबा वापरतो. दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला डायफ्रामच्या ओठाला चीर पडली होती. नवा घालायला पाच मिनिटं लागली आणि टिकटिक पुन्हा पूर्वीसारखी झाली. चकतीची कड झिजलीय, पण अजून चालेल. खरेदी करतानाच डायफ्राम आणि चकती सुटी मिळते का ते विचारा. ती मिळत नसेल तर तो ब्रँड कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

मुलं पाण्यात असताना क्लीनर चालू ठेवायचा नाही, यावर आमच्याकडे चर्चाच नाही. ओढ जोराची असते, केस किंवा बोटं तिच्याजवळ नकोत. होस काढून प्लेट बाजूला ठेवल्यावर, स्किमरची बास्केट आणि झाकण जागेवर आहे हे बघूनच पोरांना आत सोडते.

पुण्याच्या माझ्या मावसभावाने मुळशीच्या फार्महाऊसवर पाईपच्या सांगाड्याचा पूल उभा केलाय आणि हाच क्लीनर मागवू का असं विचारत होता. त्याला मी नाही सांगितलं. त्या पूलबरोबर येणारा छोटा कार्ट्रिज पंप एवढी ओढ देऊच शकत नाही, आणि त्याच्या पूलला स्किमरही नाही. त्याने दांड्याला लावायचं हातव्हॅक्यूम घ्यावं किंवा आधी पंप बदलावा.

लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) पूल बंद करताना होसचे सगळे तुकडे सुटे करून उभे धरून पाणी गाळते, हेड उलटं करून झटकते, डायफ्राम काढून कोरडा पुसते. पाणी आत राहिलं आणि गोठलं तर प्लास्टिकला तडे जातात. तुकडे बेसमेंटमध्ये भिंतीलगत आडवे, सरळ ठेवते. त्यांच्यावर खोकी रचू नका. चपटा झालेला होस पुढच्या मेमध्ये सांध्यात घट्ट बसत नाही आणि हवा ओढतो.