पत्र लिहावं की समोर जावं? व्हिक्टोरियन जावयाची पंचाईत

मैत्रीण १८५० च्या सुमाराच्या इंग्लंडवर कथा लिहितेय आणि अडलीय: लग्नाची मागणी घालायला नायकाने मुलीच्या वडिलांना पत्र पाठवावं, की थेट त्यांच्यापुढे जाऊन उभं राहावं?

पत्राचा खर्च १८४० नंतर किरकोळ झाला. अर्ध्या औंसापर्यंत एक पेनी. त्याआधी टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाराच भरायचा. म्हणजे मुलगीही द्या, वर हशीलही! भेटीसाठी मात्र प्रवास आला, छातीत धडधड आली.

खरी गोम पैशाच्या बोलण्यात. उत्पन्न किती, मुलीच्या नावे काय ठेवणार, हे वडील विचारणारच. पत्रात आकडे नीट मांडता येतात आणि लेखी राहतात. समोर जीभ अडखळते, पण चेहरा वाचता येतो. १८३८ मध्ये शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन एमाशी लग्नाबद्दल बोलला तेव्हा तिच्या वडिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले होते. हे पत्रातून कसं दिसणार?

नायक परका, दूरगावचा, पण कमावता असेल तर पत्र. घरोबा असेल, तर भेटच. आणि बाप कवयित्री एलिझाबेथ बॅरेटच्या वडिलांसारखा, मुलांच्या लग्नालाच विरोध करणारा असेल, तर दोन्ही नको. तिने चाळिशीत, १८४६ मध्ये, कवी रॉबर्ट ब्राउनिंगशी गुपचूप लग्न उरकलं आणि आठवड्याभराने घर सोडलं.