शरणपूर रोडवरची महाधमनीची सोनोग्राफी: मापं लिहून मिळतात

पोटाची सोनोग्राफी नाशिकमध्ये कुठेही होते, पण महाधमनीपुढे (पोटातली मुख्य रक्तवाहिनी, ॲब्डॉमिनल एओर्टा) रिपोर्टात बऱ्याचदा नुसतं ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं. शरणपूर रोडवरच्या या सेंटरमध्ये मापं लिहून मिळतात, म्हणून ते आवर्जून सुचवतो. मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ॲब्डॉमिनल एओर्टा, मापांसह’ असं हवं. नाहीतर लिव्हर, किडन्या बघून काम उरकतं.

इथे रेडिओलॉजिस्ट स्वतः प्रोब धरतात. बरगड्यांखालून बेंबीजवळ धमनीला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत, आडव्या आणि उभ्या दोन्ही छेदांत बघतात. माप धमनीला काटकोनात घेतात, हे फार मोलाचं आहे. उतारवयात धमनी नागमोडी होते. छेद तिरका गेला की गोल धमनी लंबगोल दिसते आणि माप उगाच वाढतं. कलर डॉपलरवर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, नेमकी उलटी चूक होऊन माप कमी येतं. आत गुठळी साचलेली असली तरी रंग वाहत्या रक्तालाच येतो, त्यामुळे 5 सें.मी.चा फुगवटा साडेतीनचाही वाटू शकतो. इथे गुठळी धरून, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतात.

खटकतं ते एवढंच की माप भिंतीच्या बाहेरच्या कडांमधलं की आतल्या, हे रिपोर्टात नसतं. त्यात 3-4 मि.मी.चा फरक पडतो. पुढच्या वेळी दुसरीकडे मोजलं तर वाढ झाली नसतानाही झालेली दिसेल. विचारून लिहून घ्या आणि जुना रिपोर्ट सोबत न्या.

साधारण 2 सें.मी.ची ही धमनी 3 सें.मी. झाली की एन्युरिझम, म्हणजे धमनीचा फुगवटा, धरतात. ब्रिटनमध्ये पुरुषांना 65व्या वर्षी ही तपासणी मोफत आहे: 3 ते 4.4 सें.मी. असेल तर वर्षाने, 4.5 ते 5.4 असेल तर 3 महिन्यांनी पुन्हा, आणि 5.5 ला व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे. आपल्याकडे अशी सरकारी मोहीम नाही. त्यामुळे पासष्टी ओलांडलेल्या, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या पुरुषांनी, आणि आईवडील-भावंडांत हा आजार असलेल्यांनी, डॉक्टरांकडे स्वतःहून विषय काढावा.

वेळ सकाळची घ्या. 6 तास उपाशी राहायचं, पाणी चालतं. आतड्यातल्या गॅसमुळे धमनी झाकली जाते, म्हणून सिन्नर-निफाडहून येताना वाटेत मिसळ खाल्ली तर फेरी फुकट जाऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोसचं आधी डॉक्टरांना विचारावं.

पोटात किंवा पाठीत अचानक असह्य कळ, घाम, चक्कर असेल तर सोनोग्राफीच्या रांगेत बसू नका. जिथे सीटी अँजिओग्राफी आणि धमनीचं ऑपरेशन दोन्ही होतं अशा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत थेट जा.