नॉर्दर्न प्रीमियर लीग: सातव्या पायरीवरचं अस्सल फुटबॉल

१९६८मध्ये सुरू झालेल्या या लीगचा वरचा विभाग इंग्लिश पिरॅमिडच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या लीगांच्या उतरंडीच्या, वरून सातव्या पायरीवर आहे. विजेता थेट वर चढतो. दुसरा ते पाचवा संघ वर चढण्याच्या उरलेल्या एका जागेसाठी प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, खेळतात. एकेकच सामना, तोही वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर, म्हणून दुसऱ्या स्थानाला खरी किंमत!

सभासदांच्या मालकीचा एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा क्लब जरूर पाहा. बहुतेक मैदानांवर मध्यंतरात प्रेक्षक एका गोलमागून दुसऱ्या गोलमागे जातात, हे सुख अगदी वरच्या लीगमध्ये नाही.

उणीव हिवाळ्याची. मैदान तुंबतं वा गोठतं, पंच सकाळी पाहणी करून सामना पुढे ढकलतात. निघण्याआधी क्लबची सूचना बघाच. राहिलेले सामने वसंतात मंगळवारी रात्री कोंबले जातात आणि दिवसा नोकरी करणारे खेळाडू थकतात.